एका चावीत दोन बाजू

आमच्या घरात फोटोंचा आल्बम नव्हता, रेकॉर्डींचा होता. जाड तपकिरी पुठ्ठ्याची बांधणी, आत खाकी कागदाचे खिसे आणि प्रत्येक खिशात एक काळी तबकडी. आप्पांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, तो मुंबईहून आणला होता. आम्ही राहत होतो मुलुंडला, आणि तेव्हा मुलुंडची माणसं फोर्टात निघाली की ‘मुंबईला जातो’ असंच म्हणत. स्वातंत्र्य मिळून चार-पाच वर्षं झाली असतील. स्टेशनापासून आमच्या घरापर्यंत मधे भाताची खाचरं होती आणि संध्याकाळी रस्त्यावर माणसांपेक्षा म्हशी जास्त असत. आल्बम उघडायचा हक्क एकट्या आप्पांचा. आईने तो पुसायचासुद्धा नाही अशी ताकीद होती. आई म्हणायची, बरंच झालं, एक काम वाचलं.

हल्ली कुणी सहज विचारतं, तुमच्या आवडत्या रेकॉर्डी कोणत्या? विचारणाऱ्याचा काही दोष नसतो, पण माझं डोकं फिरतं. त्या आल्बममधली एकूण एक रेकॉर्ड मला पाठ आहे. एका बाईंचं भावगीत होतं, त्यात सासुरवाशीण नदीला माहेरची खुशाली विचारते. ते लागलं की मला अजून भिजवलेल्या वालांचा वास येतो, कारण रविवारी सकाळी आई आणि आम्ही दोघी बहिणी डाळिंब्या सोलत ते ऐकायचो. एक विनोदी रेकॉर्ड होती, बहिरा उतारू आणि तापट स्टेशनमास्तर यांची. ती ऐकून मी इतकी हसायचे की आप्पा मला बाहेर काढायचे. आणि एक भैरवी होती. तिच्यासारखं सुंदर मी आयुष्यात काही ऐकलं नाही, आणि तिची आठवण झाली की माझं तोंड कडू होतं.

फोनो, म्हणजे ग्रामोफोन, चावीचा होता. झाकण उघडलं की आत हिरवी मखमल, आणि बाजूला चावीचा दांडा. मी लहान असताना त्याची स्प्रिंग एकदा तुटली होती. दुरुस्तीला गेला तो अख्खा श्रावण परत आला नाही, आणि तेवढे दिवस आप्पांनी घरात सुतक पाळल्यासारखं तोंड केलं होतं. फोनो परत आला आणि त्याच्याबरोबर कायदा आला: एका चावीत दोन बाजू. एकदा चावी द्यायची, पहिली बाजू वाजवायची, रेकॉर्ड उलटायची, दुसरी बाजू वाजवायची, आणि मगच पुन्हा चावी. मधे दांड्याला हात लावायचा नाही. सारखी पिरगळली तर स्प्रिंग जाते, असं दुरुस्त करणाऱ्याने म्हणे सांगितलं होतं. तो काय म्हणाला आणि आप्पांनी काय ऐकलं, देव जाणे.

आप्पांचा दुसरा कायदा ताटाचा होता. आधी वरण-भात, मग पक्वान्न. म्हणजे रेकॉर्डीच्या दोन बाजूंपैकी हलकंफुलकं गाणं आधी आणि जड, भारदस्त गाणं नंतर. छापणाऱ्याने कोणती बाजू पहिली ठरवली आहे याच्याशी आप्पांना कर्तव्य नव्हतं. घर आमचं, कायदा आमचा. दर पंधरवड्याला ते फोनोत दोन थेंब तेल घालत आणि मऊ फडक्याने त्याला असं पुसत की आई चिडून आपल्या माहेरच्या बोलीवर यायची. ती मालवणकडची.

“त्या पेटयेक तेल घालतंत,” ती म्हणायची, “पोरींच्या डोक्याक कोण घालतला?”

तर आमच्या घरात व्हायचं ते असं. दुसरी बाजू अर्ध्यावर गेली की स्प्रिंगचा दम संपत यायचा. गाणं हळूहळू संथ व्हायचं आणि संथ होता होता खाली उतरायचं. एकदम नाही, बसल्या जागी माणसाला डुलकी लागावी तसं. हे चावी संपल्यामुळे होतंय, हे आमच्यापैकी एकाच्याही ध्यानात आलं नाही. कारण नेमक्या त्याच जागी आप्पा डोळे मिटायचे, उजवा हात वर उचलायचे आणि म्हणायचे, “ऐका! शेवटी कसा गळून गेलाय बघा. याला म्हणतात आर्तता.” आलेले पाहुणेही माना डोलवायचे. यजमानाचा चहा प्यायल्यावर दुसरं काय करणार?

माझी ताई माझ्याहून तीन वर्षांनी मोठी. तिचा आवाज कसा होता ते मी सांगितलं तर बहिणीचं कौतुक वाटेल, म्हणून शेजारच्या बेन काय म्हणायच्या ते सांगते. बेन गुजराती, त्यांच्या आणि आमच्या अंगणात फक्त मेंदीचं कुंपण. ताई कपडे वाळत घालताना गायला लागली की त्या हातातलं पीठ तसंच घेऊन मागच्या पायरीवर येऊन बसायच्या. म्हणायच्या, “हिच्यामुळे माझी रोटली रोज जळते.”

ताई सगळं रेकॉर्डींवरून शिकली. आणि शिकली म्हणजे कशी? नाट्यपदाच्या एका रेकॉर्डीत गवई मधेच हळूच खाकरतो. ताई ते पद म्हणताना त्याच जागी तेवढंच खाकरायची. मी हसायचे, तर ती गोंधळून विचारायची, “का गं, चुकलं का काही?” तिचा कान असा होता. जे ऐकलं ते जसंच्या तसं उतरायचं, त्यातलं गाणं कुठलं आणि कचरा कुठला हे तिला कुणी सांगितलंच नव्हतं. सांगायला कुणीतरी हवं, हे आईला कळत होतं. तिने किती वेळा विषय काढला, पोरीला शिकवणी लावा. आप्पांचं उत्तर तयार असे. “घरात एवढे मोठमोठे गवई हात जोडून बसलेत. दर रविवारी येतात, चहासुद्धा मागत नाहीत. आणखी मास्तर कशाला?” हा विनोद त्यांना फार आवडायचा. येईल त्याला ते तो ऐकवत. बाजाची पेटी घ्यावी म्हटलं, तर पेटीने गळा बिघडतो म्हणाले. तेव्हा ताई फोनोखेरीज कशाच्याही साथीने कधी गायली नाही.

ती मॅट्रिक झाली आणि घरात स्थळांची बोलणी सुरू झाली. त्याच सुमारास स्टेशनच्या पलीकडे एक वृद्ध गवईबुवा पुतण्याकडे राहायला आले. मैफली सोडल्या होत्या, पण मनात आलं तर एखाद्याला शिकवीत. घेतलं तर घरच्यासारखं शिकवतात, नाही तर नाही. बेननी कुणाकुणाच्या ओळखी काढून त्यांच्याकडे ताईचं नाव घातलं. आप्पांना बोलायला जागाच उरली नाही. तरी त्यांनी अट घातली आणि जेवताना सगळ्यांसमोर सांगितली: बुवा हो म्हणाले तर दोन वर्षं लग्नाचं नाव काढणार नाही. नाही म्हणाले तर मी म्हणेन तिथे मान खाली घालून उभं राहायचं.

ताईने ताटावरून मान वर केली नाही. नंतर विहिरीवर गेलो तेव्हा मला म्हणाली, “मला लग्नाबिग्नाची भीती नाही वाटत गं. पण एकदा कुणीतरी मला समोर बसून शिकवावं. बस, एवढंच.”

“घेतील ना. तुला नाही घेणार तर कुणाला घेणार?”

“तू गप. दृष्ट लावशील.”

काय गायचं ते आप्पांनी ठरवलं. भैरवी. आल्बममधल्या सगळ्यांत जुन्या रेकॉर्डीची दुसरी बाजू. ताईला नदीचं भावगीत म्हणायचं होतं. आप्पा म्हणाले, “ते बायकी गाणं नको. बुवांना कळू दे, आमच्याकडे काय दर्जाचं ऐकतात ते.” पोरगी परीक्षेला बसणार होती आणि यांना दर्जा स्वतःचा दाखवायचा होता! मला तेव्हाही राग आला होता. पण आमच्या घरात राग गिळायचा असतो, हे मला पहिल्या घासाबरोबर शिकवलेलं होतं.

आप्पा, ताई आणि मी, आम्ही तिघं सकाळी बुवांकडे गेलो. बुवा भिंतीला टेकून बसले होते, पुतण्या पेटीवर, एक शिष्य तबल्यावर. बुवांनी विचारलं, “कुणाकडे शिकते?”

आता इथे आप्पांनी खरं सांगायला हवं होतं. ‘रेकॉर्डी ऐकून’ एवढे दोनच शब्द. पण आप्पांनी गळ्याखालचं बटण नीट केलं आणि म्हणाले, “घरीच. मीच दाखवतो थोडंफार.”

ताईने चमकून त्यांच्याकडे पाहिलं. मग माझ्याकडे पाहिलं. मी चटईकडे पाहत राहिले.

तिने सूर लावला आणि बुवा भिंतीपासून सुटून ताठ बसले. हे मी डोळ्यांनी पाहिलंय. त्यांची बोटं मांडीवर ताल धरायला लागली. पुतण्याने मान वळवून तिच्याकडे पाहिलं. मला वाटलं झालं, जिंकली. आणि मग ती जागा आली. ताई संथ होत गेली. तबलजीने आधी तिला सांभाळून घेतलं, मग त्याचा हात घोटाळला. पेटी एका सुरावर आणि ताई त्याच्या खाली, आणखी खाली. शेवटी पुतण्याने भाता दाबायचाच थांबवला. ताईचे डोळे मिटलेले होते. आप्पांचेही मिटलेले होते, आणि त्यांचा उजवा हात वर उचललेला होता.

बुवांनी पुन्हा म्हणायला सांगितलं. पुन्हा तेच, त्याच जागी. आप्पा म्हणाले, हवं तर दुसरं ऐका, आणि त्यांनी दुसरं जे काढून दिलं तेही दुसऱ्याच बाजूचं. जड म्हणून. तिथेही शेवटी ताई उतरली.

बुवा कठोर नव्हते. त्यांनी ताईला जवळ बोलावलं, तिच्या हातावर खडीसाखर ठेवली. म्हणाले, “बाळ, गळा देवाने दिलाय. पण सूर धरून राहत नाही. शेवटाकडे उतरतेस, आणि उतरतेस ते तुला कळत नाही. हा कानाचा दोष. तो शिकवून जात नाही.”

मी आप्पांकडे पाहिलं. मला वाटलं, आता बोलतील. इतकी वर्षं ज्या उतरण्याला हात वर करून आर्तता म्हटलं, तीच तर तिने आणली होती. निदान एवढं तरी विचारतील, की बुवा, हे चुकीचं कसं? अहो, रेकॉर्डीत असंच आहे! पण रेकॉर्डीचं नाव काढलं असतं तर ‘मीच दाखवतो’ उघडं पडलं असतं. आप्पांनी हात जोडले, जोडे घातले आणि रस्त्याला लागल्यावर म्हणाले, “तरी मी सांगत होतो. आपल्या घराण्यात गाणं नाहीच.”

ताईने मुठीतली खडीसाखर मला दिली. मी ती फेकून दिली नाही, खाल्ली. वय होतं तेवढंच माझं. पण खाताना मी आप्पांना मनातल्या मनात जे काही म्हणत होते ते आज लिहिलं तर लोक म्हणतील, मुलगी आहे की वैरीण.

फाल्गुनात ताईचं लग्न झालं. नवरा विक्रोळीच्या एका कारखान्यात फोरमन, राहायला कारखान्याच्या वसाहतीतल्या दोन खोल्या, मागे खाडी. माणूस चांगला, अजून चांगला आहे, त्याच्याबद्दल माझी काही तक्रार नाही. बघायला आले तेव्हा त्याच्या आईने रिवाजाप्रमाणे विचारलं, “मुलगी गाते का?” आप्पांनी ताईकडे न पाहता सांगितलं, “नाही, गात नाही ती.” ताई पोह्यांचा ट्रे घेऊन उभी होती. तिने खोबरं भुरभुरलेल्या बश्या एकेक करून सगळ्यांच्या हातात दिल्या.

पुढच्या वर्षी बेनच्या घरी विजेवर चालणारा रेडिओग्राम आला. कपाटाएवढा, चकचकीत. बेननी हौसेने रेकॉर्डी आणल्या, आणि त्यांत ती भैरवी होती. ताईची आठवण म्हणून घेतली, असं त्या म्हणाल्या. दुपारी मला बोलावलं. भैरवी लागली. मी डोळे मिटून त्या जागेची वाट पाहत बसले. जागा आली आणि गेली. सूर होता तिथेच राहिला, ठाम, आणि गाणं संपलंसुद्धा.

“बेन, तुमचं मशीन बिघडलंय,” मी म्हटलं.

“अरे, काय बोलते तू? कालच तर आणलं!”

मी म्हटलं पुन्हा लावा. त्यांनी लावलं. पुन्हा तेच. मी उठून घरी पळाले. आप्पा कचेरीत होते. मी आल्बम उघडला, भैरवी लावली, आणि जन्मात पहिल्यांदा दुसऱ्या बाजूच्या आधी चावीचा दांडा फिरवला, अगदी घट्ट होईपर्यंत. गवई शेवटपर्यंत उतरला नाही. तो बिचारा कधीच उतरला नव्हता. आई स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभी राहिली होती. मी तिला सांगितलं. ती पदर तोंडाला लावून आत गेली.

रविवारी मी आप्पांना सांगितलं, अगदी तोंडावर. ते वर्तमानपत्राच्या आडून म्हणाले, “तो विजेचा दोष. वीज सगळ्यांना एकाच चालीने हाकते. त्यात भाव मरतो.”

“पण आपल्या फोनोवरसुद्धा, चावी दिली तर...”

वर्तमानपत्र खाली आलं. “चावी कुणी दिली?”

गाढवापुढे वाचली गीता, असं आपल्याकडे म्हणतात. पण गाढव निदान असं मिरवत नाही की गीता आपणच लिहिली.

ताई पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली. आल्या आल्या तिला सांगायचं नाही असं आईने बजावलं होतं, म्हणून मी थांबले. मुलगी झाली, बारसं झालं, अंग जरा सावरलं. मग एका सकाळी आप्पा बाजारात गेलेले पाहून मी तिला फोनोपाशी बसवलं आणि सगळं सांगितलं. म्हटलं, “तुझ्या कानात दोष नाही, ताई. कधीच नव्हता. दोष स्प्रिंगचा. आपण बुवांकडे जाऊ, मी सांगते त्यांना. विक्रोळीहून मुलुंड कितीसं लांब आहे?”

तिने मांडीवरच्या बाळाला थोपटत ऐकून घेतलं. मग म्हणाली, “लाव.”

मी पूर्ण चावी देऊन भैरवी लावली. ती ऐकत राहिली. तिचे ओठ हलायला लागले, मग आवाज फुटला. बुवांच्या घरून आल्यापासून मी तिला गाताना ऐकलं नव्हतं. आवाज तोच होता, जराही बदलला नव्हता. गवई आणि ताई असे सुरात सूर मिसळून गेले की मला आनंदाने रडू यायला लागलं. मग ती जागा आली. गवई तिथेच राहिला आणि ताई उतरली. तिला ऐकू आलं. ती थांबली, पुन्हा त्याच्या सुरावर चढली, आणि दोन ओळींत पुन्हा आपोआप खाली आली. मी पुन्हा पिन मागे ठेवली. तिने गळ्याच्या शिरा ताणून सूर धरला. या वेळी धरला, पण ते गाणं नव्हतं. कुणीतरी जड हंडा डोक्यावर तोलून धरावा तसं ते होतं. तिच्या कपाळावर घाम आला.

“राहू दे गं,” ती म्हणाली. “बुवा बरोबरच बोलले होते. दोष आहेच माझ्यात. फक्त तो देवाने घातलेला नाही.”

“सराव केलास तर जाईल ना?”

“जाईल की. कधी करू? हिला पाजताना?”

रेकॉर्ड अजून फिरत होती. तेवढ्यात ओट्यावर जोडे वाजले. आप्पा भाजीची पिशवी घेऊन दारात उभे होते. गवई शेवटच्या ओळीवर होता, ठाम. आप्पांनी ऐकलं. ताई रडते आहे हे त्यांना दिसत होतं, कारण ती डोळे पुसतसुद्धा नव्हती.

“दुसऱ्या बाजूला चावी कुणी दिली?” आप्पा म्हणाले. “स्प्रिंग तुटेल ना!”

ताईने बाळ माझ्याकडे दिलं, पिन उचलली, रेकॉर्ड खाकी खिशात घातली आणि आल्बम जागेवर ठेवला. त्यानंतर मी तिला गाताना ऐकलं नाही. तिच्या मुली अंगाईऐवजी गोष्टी ऐकून झोपल्या.

आप्पा पुढे खूप जगले. येणाऱ्याजाणाऱ्याला सांगत, “थोरलीला गळा होता, पण सूर उतरायचा.” ते गेल्यावर फोनो आणि आल्बम ताईला द्यायचं ठरलं, पण तिने नको म्हटलं, म्हणून ते माझ्याकडे आले. परवा मी झाकण उघडून, दांडा लावून पाहिला. फोनो उत्तम चालतो. स्प्रिंग अजून तुटलेली नाही.